कायाअँप डीएनए ब्लड मिनी किट: काम चोख, फक्त इथेनॉलकडे लक्ष ठेवा

रक्तातून डीएनए काढायचं हे किट. 200 मायक्रोलिटर रक्त, पाऊण तासाच्या आत काम, आणि फिनॉल-क्लोरोफॉर्मसारख्या घातक रसायनांना हातही लावायचा नाही. सिकलसेल किंवा थॅलॅसेमियाच्या पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून केलेली तपासणी) हे कॉलमचं, म्हणजे डीएनए धरून ठेवणाऱ्या छोट्या गाळणीचं, किट पुरेसं आहे.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच घ्या. हिरव्या ट्यूबमधलं हेपॅरिन पीसीआर अडवतं. आधी 20 मायक्रोलिटर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), मग रक्त, मग 200 मायक्रोलिटर एएल बफर (पेशी फोडणारं द्रावण). प्रोटिएज थेट एएलमध्ये मिसळायचं नाही. 15 सेकंद व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळा, 56 अंशांवर 10 मिनिटं, 200 मायक्रोलिटर इथेनॉल, आणि सगळं कॉलमवर.

घोळ होतो तो बहुतेक यानंतरच्या धुण्यात. एडब्ल्यू1 आणि एडब्ल्यू2 हे वॉश बफर (कॉलम धुण्याची द्रावणं) कॉन्सन्ट्रेटेड स्वरूपात येतात, बाटली उघडल्यावर त्यात इथेनॉल आपण घालायचं असतं. विसरलात तर डीएनए वॉशबरोबरच वाहून जातो. डिनेचर्ड स्पिरिट चालत नाही. एडब्ल्यू2 नंतर नव्या ट्यूबमध्ये एक मिनिट कोरडा स्पिन द्या, म्हणजे काही न घालता सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. मॅन्युअल त्याची नुसती शिफारस करतं. आमच्या मते तो सक्तीचा हवा. इथेनॉल उरलं की डीएनए तपासताना सॅम्पल जेलच्या वेलमध्ये (खाचेत) बसतच नाही, वर तरंगतं.

शेवटी 200 मायक्रोलिटर एई बफर (कॉलममधून डीएनए सोडवणारं द्रावण) घालून एकऐवजी पाच मिनिटं थांबा, डीएनएचा उतारा वाढतो. साधारण 6 मायक्रोग्रॅम मिळतात. हिशोब सोपा: मायक्रोलिटरला 5000 पांढऱ्या पेशी धरल्या तर 200 मध्ये दहा लाख, आणि प्रत्येकीत 6.6 पिकोग्रॅम डीएनए. ल्युकेमियाच्या रक्तात पांढऱ्या पेशी फार असतात, ते मात्र पीबीएसने (फॉस्फेटयुक्त मिठाचं द्रावण) पातळ करूनच घ्या, नाहीतर कॉलम तुंबतो. शुद्धता दाखवणारं 260/230 गुणोत्तर कमी आलं तर बहुधा ग्वानिडीन (एएल आणि एडब्ल्यू1 मधलं रसायन) उरलंय.

आपल्याकडे रक्ताचं काहीही असलं की हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, ओतायची सवय असते. एएल आणि एडब्ल्यू1 चा कचरा त्यात ओतू नका, ग्वानिडीनमुळे विषारी वायू निघू शकतो.

किंमत हीच खरी अडचण. रोज ढीगभर सॅम्पल येत असतील तर 1988 पासून चालत आलेली मिठाची पद्धत, म्हणजे संपृक्त सोडियम क्लोराइडने प्रथिनं खाली बसवणं, कितीतरी स्वस्त पडते; फक्त एन्झाइमने प्रथिनं पचायला रात्र जाते. 5 टक्के चेलेक्स (धातूचे आयन धरणारं रेझिन, त्यात सॅम्पल उकळतात) त्याहून झटपट, पण उकळल्यामुळे डीएनए एकेरी धाग्याचा होतो आणि रिस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठराविक जागी कापणारं) त्याला कापत नाही. लाँग-रीड सिक्वेन्सिंग (डीएनएचे लांबच लांब तुकडे सलग वाचणं) करायचं असेल तर हे किट घेऊ नका: कॉलममधून निघणारे तुकडे बहुतांशी 20 ते 30 किलोबेसचेच (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) असतात.