जुन्या सायकलची किराणा-सायकल: काही महिन्यांच्या वापरानंतर

२६ इंची चाकांची, लोखंडी फ्रेमची, सस्पेन्शन नसलेली जुनी माउंटन बाईक किराणा आणायला तयार केली, त्याला आता बरेच महिने झाले. आठवड्याचं सगळं सामान तिच्यावरच येतं. असा बदल करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगेन: पिशव्यांच्या आधी स्टँडवर खर्च करा.

भरलेली सायकल चालवताना फारशी त्रास देत नाही, उभी करताना देते. बाजूच्या एका पायाच्या स्टँडवर असताना एक पिशवी भरली की तोल जातो, हँडल गर्रकन वळतं आणि सायकल आडवी. मध्यभागी बसणारा दोन पायांचा डबल स्टँड लावल्यापासून दोन्ही पिशव्या निवांत भरता येतात. पुढचं चाक वळू नये म्हणून फ्रेमची खालची दांडी आणि पुढचं चाक धरणारा चिमटा यांच्यामध्ये एक स्प्रिंगही लावली आहे. डबल स्टँडचा बोल्ट आवळताना मात्र जपून. मागच्या पातळ नळ्या चेपू शकतात, म्हणून तिथे जाड पट्टी घालावी.

कॅरिअर घेताना वजनाची मर्यादा बघाच. चांगल्या कॅरिअरवर बहुधा २५ किलो लिहिलेलं असतं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. बसवून झाल्यावर कॅरिअरचं मागचं टोक धरून आडवं हलवा. तिथे हललं, तर भरल्या सायकलची शेपूट उतारावर डुलणार म्हणून समजा. फक्त सीटच्या नळीला धरणारी कॅरिअर या कामाची नाहीत. ओझं खाली चाकाच्या आसाजवळ फ्रेमवर उतरलं पाहिजे. तिथला ५ मिलिमीटरचा बोल्ट हादऱ्यांनी सैल होत राहतो, म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) वापरावा. चेनच्या बाजूला बोल्टचं टोक आत जास्त निघालं, तर सगळ्यात लहान दातेरी चक्रावर चेन त्याला घासते. कर्र कर्र आवाज आला की आधी तिथेच बघा.

पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, जमेल तेवढ्या खाली. जड बाटल्या आणि डबे तळाशी, दोन्हीकडे सारखे. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. वरच्या क्रेटमध्ये मी फक्त हलकं, चेंगरणारं सामान ठेवते, कारण उंचावरचं वजन सायकल हातात धरून चालताना मनगटं दुखवतं. हँडलला पिशव्या लटकवणं तर पूर्ण बंद.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. माझ्या सायकलच्या रिम ॲल्युमिनियमच्या आहेत, त्यामुळे जुने कॅंटिलिव्हर ब्रेक (आखूड भुजांचे) काढून व्ही-ब्रेक (लांब भुजांचे, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) बसवले. व्ही-ब्रेकला केबल जास्त खेचावी लागते, म्हणून लिव्हरही बदलले. ज्यांच्या रिम स्टीलच्या आहेत त्यांनी ओझ्याचा विचार करण्याआधी चाकंच बदलावीत. पावसात ओल्या स्टीलवर ब्रेक धरतच नाही म्हटलं तरी चालेल.

मागचं चाक ३६ तारांचं आहे. सुरुवातीला तारा कडक करून चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घेतला, तेव्हापासून एकही तुटलेली नाही. खाचांचे टायर काढून दोन इंची गुळगुळीत घातले. मागे हवा पुढच्यापेक्षा जास्त ठेवते.

तक्रार एकच, वजनाची. स्टँड, कॅरिअर आणि क्रेट मिळून सायकल इतकी जड झाली आहे की जिने चढवणं नकोसं होतं. तळमजल्यावर जागा नसेल तर हा बदल करण्याआधी नीट विचार करा.

आणि सीटखालचा मागचा दिवा क्रेटमागे झाकला जातो. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला, पिशव्यांच्याही मागे दिसेल असा लावून घ्या.