स्ट्राँग हायब्रिड की माइल्ड हायब्रिड: गोव्यातील खरेदीदारासाठी एक तुलना

गोव्यात मध्यम आकाराची एसयूव्ही घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला शोरूममध्ये बहुधा एकाच गाडीचे दोन प्रकार दाखवले जातात. मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या दोन्ही भावंड गाड्या २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आल्या, आणि दोन्ही स्ट्राँग हायब्रिड व माइल्ड हायब्रिड अशा दोन्ही रूपांत मिळू लागल्या. कंपनीने जाहीर केलेले मायलेज स्ट्राँग हायब्रिडसाठी लिटरला २७.९७ किलोमीटर आणि माइल्ड हायब्रिडच्या ऑटोमॅटिक ग्रँड व्हिटारासाठी २०.५८ किलोमीटर असे होते, आणि बहुतेकांचा निर्णय या दोन आकड्यांपाशीच होतो. माझ्या मते गोव्यात त्याआधी आणखी दोन गोष्टी विचारात घ्यायला हव्यात. गाडी वर्षातून किती दिवस जागची हलणार नाही, ही पहिली. आणि तिच्यात बारीकसारीक बिघाड झाला तर ती कोणाच्या हाती द्यायची, ही दुसरी.

दोन्ही प्रकारांची घडण थोडक्यात समजून घेतली की बिघाडांचे कोडे बरेचसे सुटते. माइल्ड हायब्रिड ही मुळात नेहमीची पेट्रोल गाडीच असते. फक्त तिच्यातील अल्टरनेटरची जागा पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर घेतो, आणि सिग्नलवर इंजिन बंद करणे, ते पुन्हा सुरू करणे व वेग घेताना थोडा हातभार लावणे एवढेच त्याचे काम असते. केवळ विजेवर ही गाडी धावत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये १.५ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, दोन विद्युत मोटरी आणि ०.७६ किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी असते. कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर चालते आणि ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते. टोयोटाच्या या रचनेत वेगळा स्टार्टर नसतो, अल्टरनेटर नसतो, त्याचा पट्टा नसतो आणि क्लचही नसतो. नेहमीच्या गाडीत सहा-सात वर्षांनी ज्या वस्तू हमखास खर्चाला लावतात, त्यांतील कितीतरी येथे मुळातच नाहीत.

खरेदीदार सर्वांत जास्त घाबरतो तो मोठ्या बॅटरीला, आणि ही भीती मला अवाजवी वाटते. टोयोटाने प्रियस ही गाडी १९९७ मध्ये जपानमध्ये आणली, म्हणजे हे तंत्र पाव शतकाहून अधिक काळ रस्त्यावर आहे. बॅटरी कधी पूर्ण भरली किंवा पूर्ण रिकामी होणार नाही याची काळजी गाडीचा संगणक घेतो, त्यामुळे तिची झीज सावकाश होते. भारतात या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वॉरंटी मिळते. गोव्यासारख्या छोट्या राज्यात वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला किलोमीटरची मर्यादा गाठायला वर्षांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त काळ लागेल.

खरा त्रास देते ती दुसरी, लहान बॅटरी. प्रत्येक स्ट्राँग हायब्रिड गाडीत नेहमीच्या गाडीसारखी १२ व्होल्टची बॅटरीही असते. इंजिन फिरवण्याचे जड काम तिच्याकडे नसते. पण संगणक, कुलपे, दिवे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, तिच्यावरच चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, डॅशबोर्डवर ‘रेडी’ ही खूण उमटत नाही आणि कधीकधी एकाच वेळी इतके इशारे दिसू लागतात की मालकाला गाडीतच मोठा दोष आहे असे वाटते. गाडी आठवड्याचे बहुतेक दिवस फिरत असेल तर हा प्रसंग क्वचितच येतो. परंतु गोव्यात अनेक घरांतील कर्ता माणूस तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो किंवा आखातात नोकरीला असतो, आणि गाडी चतुर्थीपासून नाताळपर्यंत अंगणात झाकून ठेवलेली असते. अशा घरात ही बॅटरी उतरणारच, असे धरून चालावे. त्यात भर म्हणजे काही हायब्रिड गाड्यांत ती डिकीत बसवलेली असते आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडते. म्हणून चावीच्या आत लपलेली साधी चावी आणि बॉनेटखालील जंप-स्टार्टची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेऊन गाडी सुरू करण्याची) जोडणी कोठे आहे, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहून ठेवावे.

यावरचा उपाय सोपा आहे, मात्र तो नीट करायला हवा. घरातील कोणीतरी दर आठवड्याला गाडी ‘रेडी’ अवस्थेत आणून अर्धा तास चालवली तर दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या राहतात. नुसते बटण एकदा दाबून रेडिओ लावून बसल्याने उलट लहान बॅटरी आणखी रिकामी होते. गाडी उभी ठेवूनच ‘रेडी’ करायची असेल तर ती मोकळ्या जागेत असावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन आपोआप सुरू होऊन विषारी कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, आणि हा धोका घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून समजावून सांगावा. लहान बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंप देता येतो, पण हायब्रिड गाडीवरून शेजाऱ्याची गाडी सुरू करून देणे टाळावे. मोठी बॅटरी कित्येक महिने न वापरता पूर्ण उतरली तर जंप देऊन भागत नाही, गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंत उचलून न्यावी लागते. माइल्ड हायब्रिडचीही १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत उतरते, पण ती उतरली तर गावातील कोणताही मेकॅनिक ती बदलून देतो. घर वर्षातील निम्मा काळ बंद राहत असेल तर एवढ्या एका कारणासाठीही मी माइल्ड हायब्रिडकडे झुकेन.

ब्रेकचे गणितही येथील हवेशी जोडलेले आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते, त्यामुळे पॅड आणि डिस्क कमी झिजतात, आणि शोरूममध्ये हा फायदा म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे. मात्र वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा असलेल्या प्रदेशात कमी वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो, पहिले काही ब्रेक खरखरतात, आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या तर पॅड एका बाजूने झिजू लागतो. म्हणून पावसाळा संपल्यावर पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्यावे आणि मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसल्याची खात्री करून, ब्रेक जरा जोराने दाबावा. पॅडचे आयुष्य कितीही मोठे सांगितले जात असले तरी चाके काढून पाहणी करण्याचा वार्षिक नेम सोडू नये. माइल्ड हायब्रिडमध्ये पॅड लवकर झिजतात, पण वापरामुळे डिस्क आपोआप घासली जाते.

मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी अनेक हायब्रिड गाड्यांत एक पंखा केबिनमधील हवा ओढतो, आणि त्या हवेच्या तोंडाशी छोटी जाळी किंवा फिल्टर असतो. डिचोली, साखळी, सांगे या खाणपट्ट्यांत राहणाऱ्यांना तांबडी धूळ काय करते ते सांगायला नको. कुत्रा गाडीतून नेणाऱ्यांच्या गाडीत त्यात केसांचीही भर पडते. फिल्टर तुंबला की पंख्याचा आवाज वाढतो, मग बॅटरीच्या थंडाव्याविषयी इशारा येतो आणि मायलेज घसरते. साफसफाईला फारसा वेळ लागत नाही, पण नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ती झाली आहे का, हे मालकाने स्वतः विचारावे. सीटवर पसरलेली चादर किंवा बाजाराची पिशवी त्या तोंडावर येऊ देऊ नये.

एसीच्या बाबतीत स्ट्राँग हायब्रिड निर्विवाद सरस आहे, कारण तिचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. माइल्ड हायब्रिडमध्ये सिग्नलवर इंजिन थांबले की एप्रिल-मे महिन्यांत थोड्याच वेळात केबिन तापू लागते. पण याच कॉम्प्रेसरचा एक नाजूक मुद्दा आहे. त्यात उच्च दाबाची वीज खेळत असल्याने वीजरोधक असे विशिष्ट एस्टर तेलच लागते. रस्त्यावरील एसीवाल्याने गॅस भरताना नेहमीचे पीएजी तेल त्यात सोडले, तर कॉम्प्रेसरचे वीजरोधन बिघडते आणि किरकोळ कामाचे रूपांतर मोठ्या खर्चात होते. तेव्हा हायब्रिड गाडीच्या एसीला अधिकृत सर्व्हिस सेंटरखेरीज कोणाचाही हात लागू देऊ नये.

उंदीर ही पावसाळ्यातील सर्वांचीच डोकेदुखी. दोन्ही गाड्यांच्या तारा ते सारख्याच आवडीने कुरतडतात. फरक दुरुस्तीत पडतो. माइल्ड हायब्रिडची तुटलेली तार कुशल इलेक्ट्रिशियन जोडून देतो, तर स्ट्राँग हायब्रिडमधील नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या केबलला कोणी घरगुती हात लावू नये, ती पूर्णच बदलावी लागते. विमा घेताना उंदरांनी केलेले नुकसान आणि पाण्यामुळे झालेले नुकसान पॉलिसीत समाविष्ट आहे का, बॅटरीसाठी वेगळे संरक्षण मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. पणजीत मुसळधार पावसात रस्ते तुंबतात तेव्हा पाण्यात उभी राहिलेली कोणतीही गाडी सुरू करून पाहू नये. हायब्रिडमध्ये तर बटण न दाबता ती उचलून नेणे हाच एक मार्ग आहे.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण तसे नसते. दार उघडताच ब्रेकच्या पंपाचा बारीक आवाज येतो, सुरू होताना रिलेचा खट् असा आवाज येतो, आणि घाट चढताना वेग तेवढाच राहून इंजिन मात्र ओरडत राहते. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना तर नवख्या चालकाला धक्काच बसतो: मोठी बॅटरीही काही किलोमीटरांत भरते, आणखी वीज साठवायला जागा उरत नाही, आणि गाडीला रोखण्यासाठी इंजिन पेट्रोल न जाळताच जोराने फिरू लागते. बेळगावची वारी नेहमीची असेल तर चाचणीसाठी गाडी शोरूमभोवती न फिरवता घाटात नेण्याचा आग्रह धरावा.

पैशांचा हिशेब येथे एका सोप्या उदाहरणाने मांडतो. शहरी वापरात माइल्ड हायब्रिड लिटरला १४ आणि स्ट्राँग हायब्रिड २१ किलोमीटर देते असे धरू, आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये मानू. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे २३,८०० रुपये वाचतात. दोन गाड्यांच्या किमतींत २ लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला आठ वर्षांहून अधिक काळ जाईल. वर्षाला २०,००० किलोमीटर चालवणाऱ्याला तोच फरक चार वर्षांच्या थोड्या पुढे भरून निघेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या दोन्ही प्रकारांवर जीएसटी ४० टक्के आहे, तेव्हा त्या करात स्ट्राँग हायब्रिडला वेगळी सवलत नाही.

वापर कोणत्या रस्त्यावर आहे, हेही या हिशेबात धरावे. म्हापसा ते पणजी अशी रोजची ये-जा, पर्वरीतील रखडती वाहतूक आणि शुक्रवारच्या म्हापसा बाजाराची गर्दी, हा स्ट्राँग हायब्रिडचा खरा प्रांत आहे. तेथे इंजिन बराच वेळ बंद राहते. काणकोण ते मडगाव असा मोकळ्या रस्त्यावरचा प्रवास असेल तर फायदा आकुंचन पावतो. शिवाय काणकोण, वाळपई, पेडणे अशा ठिकाणी राहणाऱ्याने बुकिंगपूर्वी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन उच्च दाबाच्या यंत्रणेवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ तेथे नेमलेला आहे की गाडी दुसऱ्या शहरात पाठवतात, हे विचारावे. मोघम उत्तर आले तर ते नकारार्थीच समजावे.

संपूर्ण इलेक्ट्रिक गाडीचा विचारही काहींच्या मनात असतो, आणि स्वतःच्या अंगणात चार्जर बसवता येणाऱ्याने तो जरूर करावा. तिच्यावर जीएसटी ५ टक्केच आहे आणि गोव्यातील अंतरे छोटी आहेत. सोसायटीत सामाईक पार्किंग असेल तर हायब्रिडच अधिक सोयीची.

रोज शहरातून फिरणारी, घरी दुसरा चालक असलेली आणि सर्व्हिस सेंटर हाताशी असलेली गाडी असेल, तर मी निःशंकपणे स्ट्राँग हायब्रिड सुचवेन. वर्षातून चार-पाच महिने उभी राहणाऱ्या किंवा आठवड्यातून एकदाच चर्चला, देवळाला आणि बाजाराला जाणाऱ्या गाडीसाठी माइल्ड हायब्रिडच योग्य. २०२२ मधील पहिल्या गाड्या आता जुन्या बाजारात येत आहेत, आणि त्यांच्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी किलोमीटरच्या मर्यादेत राहिल्यास २०३० पर्यंत चालेल. अशी गाडी घेताना सर्व्हिसचा सलग इतिहास, वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते याची लेखी खात्री आणि अधिकृत केंद्राकडून बॅटरीच्या प्रकृतीचा तपासणी अहवाल, या तीन गोष्टी हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये.