डोळ्यातली साधी सूज की लिम्फोमा: स्टेरॉइड चालू ठेवावे की नमुना काढावा?

जळगाव-धुळ्याकडे साठीच्या माणसाच्या डोळ्यापुढे जाळी तरंगू लागली की घरचे मोतीबिंदूवर खापर फोडतात, आणि डॉक्टरांनी आत सूज असल्याचे सांगितले की स्टेरॉइड सुरू होते. बहुतेकदा ते योग्यच असते. मात्र डोळा आणि मेंदू या दोन्ही ठिकाणी होणारा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, हुबेहूब याच सुजेचे सोंग घेतो.

सुजेचा, म्हणजे युव्हिआयटिसचा, डोळा पुष्कळदा लाल होतो, दुखतो आणि त्याला उजेड सोसवत नाही. लिम्फोमाचा डोळा बहुधा पांढराशुभ्र आणि शांत असतो. अर्थात मागच्या भागातील सूजही न दुखता येते, त्यामुळे केवळ वेदनेवर भिस्त ठेवू नये. अधिक बोलका फरक तपासणीत दिसतो: आतल्या जेलीत मोठ्या पेशींचे थर, दृष्टिपटलाखाली पिवळसर चट्टे, आणि इतके धुके असूनही रुग्ण तक्त्यावरची अक्षरे अपेक्षेपेक्षा बरी वाचतो. वय पन्नाशीपुढचे आणि दोन्ही डोळे धरलेले असतील, तर संशय बळावतो.

खरी फसगत औषधाने होते. स्टेरॉइडने लिम्फोमाही काही काळ ओसरतो आणि मात्रा कमी करताच उलटतो. म्हणून ‘गुण आला’ हा सुजेचा पुरावा मानू नये. अशी सूज क्षयानेही येते, म्हणून आपल्याकडे त्याची तपासणी आवश्यकच आहे, पण त्यासाठीची त्वचेवरची मँटू चाचणी अनेक निरोगी माणसांतही सकारात्मक येते, तेवढ्यावर निदान पक्के होत नाही.

सूज वारंवार उलटत असेल, तर माझे मत डोळ्यातल्या जेलीचा नमुना शस्त्रक्रियेने काढण्याच्या बाजूने आहे. त्यातील पेशी नाजूक असतात आणि लवकर खराब होतात. म्हणून शस्त्रक्रिया गावाजवळ होते की नाही यापेक्षा, नमुना ताजा असतानाच तपासणारा अनुभवी पॅथॉलॉजिस्ट तिथे आहे का, हे आधी विचारावे, मग त्यासाठी नाशिक किंवा मुंबई गाठावी लागली तरी चालेल. स्टेरॉइडमुळे पेशी नष्ट होऊन अहवाल चुकू शकतो, त्यामुळे ते आधी थांबवावे लागते. तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

डोळ्यापासून सुरुवात झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पुढे मेंदूही बाधित होतो. विसराळूपणा, बदललेला स्वभाव, झोक जाणारी चाल किंवा झटके दिसले, तर नमुन्याच्या अहवालाची वाट न पाहता मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय करून घ्यावा. पहिला नमुना निर्दोष आला आणि तरीही चट्टे वाढत राहिले, तर तो पुन्हा काढावा लागतो.