गाडी आपली, पोर्ट आपला, लॉगिन मात्र देश बघून! डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरचा वापरानंतरचा अनुभव

स्वतःची गाडी स्वतः स्कॅन करायला लागून आता बरेच महिने झालेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सेटअप साधाच आहे. एक जुना विंडोज लॅपटॉप, जे२५३४ पास-थ्रू इंटरफेस (गाडीचा डायग्नोस्टिक पोर्ट लॅपटॉपला जोडणारी पेटी), एका थर्ड पार्टी सॉफ्टवेअरचं पेड लायसन्स आणि घाईत बघायचं असेल तर मोबाइलसाठी त्याच पोर्टमध्ये लावायचं ईएलएम३२७ चं ब्लूटूथ डोंगल. कंपनीचं स्वतःचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर यात नाहीये, आणि ते का नाही हाच या रिव्ह्यूचा अर्धा विषय आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हा प्रकार एकाच कंपनीपुरता नाही.

हे सॉफ्टवेअर काही गुप्त नाही बरं का. कंपनीच्या टेक्निकल साइटवर ते राजरोस विकायला आहे, दिवसाचं घ्या, महिन्याचं घ्या, वर्षाचं घ्या. मी अकाउंट उघडायला बसलो, नाव टाकलं, ईमेल टाकला आणि देश निवडायचा ड्रॉपडाउन आला त्यात माझा देशच नाही. सपोर्टला मेल टाकला तर उत्तर आलं की तुमच्या प्रदेशात ही सेवा फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी आहे, अधिक माहितीसाठी स्थानिक वितरकाशी संपर्क साधा. वितरकाला विचारलं तर ते म्हणाले वैयक्तिक ग्राहकाला आम्ही देत नाही. म्हणजे पैसे द्यायला माणूस तयार, विकायला वस्तू तयार, आणि मधे फक्त नकाशा आडवा आला.

लोक सांगतात की यादीतला दुसरा देश निवड, व्हीपीएन लाव, काम होतं. काहींचं होतही असेल. पण पुढे कार्डाचा बिलिंग पत्ता विचारतात, मग व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकला की सर्व्हर सांगू शकतो की ही गाडी या मार्केटची नाही. शिवाय अटींमध्ये प्रदेशाबाहेर वापरायचं नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे, त्यामुळे अकाउंट कधीही बंद होऊ शकतं, आणि ते नेमकं ईसीयू फ्लॅश करताना, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरताना, अर्ध्यात बंद पडलं तर गाडी जागेवरून हलणार नाही. मी त्या वाटेला गेलो नाही आणि कुणाला जा असं सांगणारही नाही. क्रॅक केलेल्या कॉपीबद्दल तर एवढंच म्हणेन की ज्या फाइलमध्ये काय भरलंय ते माहीत नाही ती ब्रेकच्या मॉड्यूलशी, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरशी, बोलायला लावू नका.

आता जे चांगलं चाललंय ते आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं चाललंय. मधे गाडी मिसिंग मारायला लागली, चढावर झटके, चेक इंजिन लाइट लुकलुकतेय. डोंगल लावलं, कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. दोन नंबरची इग्निशन कॉइल काढून तीनवर लावली, तीनची दोनवर, कोड क्लिअर केला आणि एक चक्कर मारली. परत स्कॅन केलं तर पी०३०३. कॉइलबरोबर कोड सरकला म्हणजे दोष कॉइलचाच, प्लग नाही, इंजेक्टर नाही, वायरिंग नाही. एक कॉइल बदलली, विषय संपला. अंदाजाने चारही कॉइल, चारही प्लग बदलत बसण्यापेक्षा हे किती सुटसुटीत आहे बघा.

पण हे मला का जमलं त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. मिसफायरचा कोड हा प्रदूषणाशी संबंधित कोड आहे. अमेरिकेने १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ (बिघाडाचे कोड वाचायची ठरावीक पोर्टसकट प्रमाणित पद्धत) सक्तीचं केलं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तशीच सक्ती आली, आणि प्रदूषणाशी संबंधित कोड कुठल्याही टूलने वाचता आले पाहिजेत हे नियमातच घातलं. पुढे अमेरिकेत २००८ पासून कॅन बस, म्हणजे गाडीतले मॉड्यूल ज्यावरून बोलतात ती जोडणीही सक्तीची झाली. कंपन्यांनी मग जगभर जवळपास तोच पोर्ट, तीच भाषा ठेवली. म्हणजे आज कुठल्याही देशात बसून मी इंजिनचा कोड वाचू शकतो तो कंपनीच्या मेहेरबानीने नाही, कुणीतरी कुठेतरी कायदा केला म्हणून. जिथे कायदा पोचला नाही, म्हणजे एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल, तिथे लगेच कंपनीची स्वतःची भाषा सुरू होते.

त्या भाषेतलं बरंच काही थर्ड पार्टीवाल्यांनी शोधून काढलंय, त्यांना मानलं पाहिजे. मागचे ब्रेक पॅड मी घरी बदलले. गाडीला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे, त्यामुळे पिस्टन नुसता क्लॅम्पने दाबून मागे ढकलायचा नसतो, आतल्या मोटरचा स्क्रू खराब होऊ शकतो, आधी सॉफ्टवेअरमधून सर्व्हिस मोड द्यावा लागतो. तो दिला, मोटरचा घर्रर्र आवाज झाला, पिस्टन मागे गेला, पॅड बसवले, मोडमधून बाहेर आलो, मस्त. बॅटरी बदलल्यावर तिची नोंद करणं, सर्व्हिस रिमाइंडर रीसेट करणं, लाइव्ह डेटाचा ग्राफ काढणं हे सगळं बिनबोभाट होतं. एवढ्यासाठी मी थर्ड पार्टी सॉफ्टवेअरला पैकीच्या पैकी देईन.

घोडं पेंड खातं ते एबीएसपाशी. ब्रेकचा एक होज बदलल्यावर सिस्टिममध्ये हवा गेली, चारही चाकांची हवा नेहमीच्या पद्धतीने काढली तरी पेडल स्पंजसारखंच. हवा एबीएस युनिटच्या आत अडकलेली, ती काढायला सॉफ्टवेअरने आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू आहे, बटण आहे, दाबलं तर एरर. लॉग उघडून बघितला तर मॉड्यूलचं उत्तर होतं ७एफ ३१ ३३. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ७एफ म्हणजे नकार, ३१ म्हणजे मी मागितलेलं काम, आणि ३३ म्हणजे सिक्युरिटी अ‍ॅक्सेस नाही. मॉड्यूलला काम येतंय, त्याने माझं ऐकलंय, फक्त तुला परवानगी नाही म्हणतोय. मॉड्यूल एक आकडा पाठवतो, त्यावर गणित करून बरोबर उत्तर परत द्यायचं असतं, आणि ते गणित कंपनीकडे. असल्या पेडलवर गाडी रस्त्यावर काढणं शक्यच नव्हतं, टो करून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथल्या मेकॅनिकने लॅपटॉप लावला, लॉगिन केलं, पंप चालवला, आणि काम झालं. माणूस भला होता, मला शेजारी उभं राहून बघू दिलं. स्क्रीनवर तोच मेनू होता, फक्त त्याच्या लॉगिनला दरवाजा उघडत होता. मला खरा राग तेव्हा आला, कारण यादीतल्या देशात हीच गाडी असती तर मी एका दिवसाचं सबस्क्रिप्शन घेऊन हे काम घरीच केलं असतं.

हे कुठे किती उघडं आहे ते बघितलं की कळतं की अडचण तंत्राची नाहीच. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये राइट टू रिपेअरचा, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्यात गॅरेजबरोबर गाडीमालकाचंही नाव आहे, आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी करार करून तेच देशभर लागू करायचं मान्य केलं. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी सुमारे ७५ टक्के मतांनी वायरलेस डेटाही त्यात आणला. युरोपात २०१८/८५८ हा नियम सप्टेंबर २०२० पासून लागू आहे आणि माहिती तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या हिशेबानेही द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून योजना सुरू झाली, २००२ पासून बनलेल्या गाड्यांसाठी. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना उलाढालीच्या २ टक्के दंड लावला आणि स्पेअर पार्ट्स नि डायग्नोस्टिक टूल्स बाहेरच्या गॅरेजला द्या असं सांगितलं, पुढे प्रकरण कोर्टात गेलं. जिथे सक्ती झाली तिथे त्याच कंपन्यांना त्याच सॉफ्टवेअरचं पेज उघडता आलं की नाही?

यात एक मेख आहे जी बरेच जण विसरतात. युरोपचा नियम बोलतो तो स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांबद्दल, ऑस्ट्रेलियाची योजनाही रिपेअरर लोकांसाठी आहे. म्हणजे कायदा असलेल्या देशातसुद्धा घरी पाना हातात घेतलेला मालक बऱ्याचदा कुंपणाबाहेरच राहतो. मॅसेच्युसेट्सने मालकाला नाव घेऊन आत घेतलं, आणि मला ते सगळ्यात योग्य वाटतं. गाडीची किंमत मोजली ती मालकाने, ब्रेक लागला नाही तर आत बसलेला असतो तोही मालकच.

कंपन्यांची बाजू सुरक्षेची आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली, १४ लाख गाड्या रिकॉल झाल्या, त्यानंतर फियाट क्रायस्लरने २०१८ पासून गाड्यांत सिक्युरिटी गेटवे, म्हणजे परवानगीशिवाय मॉड्यूलशी बोलू न देणारा अडसर, टाकला. फोक्सवॅगनने आठव्या पिढीच्या गोल्फपासून एसएफडी नावाचं तसंच कुलूप आणलं. चावी प्रोग्रामिंग आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) कुणालाही उघडे नकोत, यात दुमत नाही. पण जीपचा तो हल्ला मोबाइल नेटवर्कवरून झाला होता, गाडीत बसून पोर्टला वायर लावून नाही. आणि सुरक्षेचाच प्रश्न असेल तर ओळखपत्र तपासा, गाडीची कागदपत्रं मागा, मी सगळं द्यायला तयार आहे, पण देशाचं नाव बघून कुणी चोर ठरत नाही ना! युरोपच्या न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ ला फियाट क्रायस्लरच्याच गेटवेच्या प्रकरणात सांगितलं की पोर्टवरून गाडीशी बोलायला आधी नोंदणी करा नि कंपनीच्या सर्व्हरला जोडा अशा नियमात नसलेल्या अटी कंपनीला घालता येणार नाहीत, आणि सायबर सुरक्षेचं कारण तिथेही पुढे केलेलं होतंच.

मग घ्यावं का हे सगळं? इंजिनचे कोड, लाइव्ह डेटा, ब्रेक पॅड, बॅटरी एवढ्यासाठी घ्याच, नुसत्या डोंगलनेही निम्मं काम होतं. मॉड्यूल बदलून कोडिंग, एबीएसचं ब्लीडिंग (हवा काढणं), रडार कॅलिब्रेशन यासाठी घेत असाल तर आधी आपल्या मॉडेल आणि वर्षाला ते चालतंय का हे त्याच गाडीच्या मालकाकडून खात्री करून घ्या, फंक्शन लिस्टवर जाऊ नका, माझ्याही लिस्टमध्ये एबीएस ब्लीडिंग होतं. नवी गाडी घेताना शोरूममध्ये विचारा की या देशात मालकाला डायग्नोस्टिक सबस्क्रिप्शन मिळतं का, आणि उत्तर लेखी मागा. विक्रेत्याला माहीत नसेल, पण प्रश्न वरपर्यंत जाऊ दे. मी कंपनीच्या मुख्यालयाला व्हीआयएन, खरेदीची पावती आणि तो ७एफ ३१ ३३ चा लॉग जोडून पत्र पाठवलंय, उत्तर आलं की इथेच खाली टाकतो. आणि हो, कोड क्लिअर करण्याआधी रिपोर्ट नेहमी सेव्ह करा, कारण क्लिअर केलं की फ्रीझ फ्रेम पुसली जाते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं हे सगळं जातं, आणि मग सर्व्हिस सेंटरवाला काय सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं.