‘लाइफटाइम चालेल’ सांगून विकलेला वायरलेस स्पीकरचा सेट

जळगाव-धुळ्याकडे घरभर गाणी वाजवणारे वायरलेस स्पीकर कुणी मोठ्या सवलतीत देऊ केले, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. आमच्या घरात असा सेट 46,000 रुपयांना आला. ज्या सोयीसाठी तो घेतला, ती बंद होणार हे कंपनीने विक्रीच्या कितीतरी आधी जाहीर केलं होतं. दुकानदाराने ते लपवलं, आणि मी थेट विचारल्यावर धडधडीत खोटं सांगितलं. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे, म्हणून दुकानाचं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही. बाकी सगळं सांगतो.

आमचं घर अमळनेरला. जुनं बांधकाम, हातभर जाडीच्या भिंती. खाली ओटा, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. आप्पांचे गुडघे गेलेत, ते ओट्यावरच बसतात. आई पहाटेपासून स्वयंपाकघरात. दोघांना एकाच वेळी एकच अभंग ऐकायचा असतो. कानबाईच्या दिवसांत तर घरात अहिराणी गाणी लागली नाहीत तर आईला सण वाटतच नाही. मी नोकरीला नाशिकला, त्यामुळे रोज उठून गाणी लावून देणारं घरात कुणी नाही. ब्लूटूथचा स्पीकर होता, पण एका भिंतीपलीकडे गेला की तुटक वाजायचा, आणि आप्पांना फोन जोडणं जमत नाही. म्हणून वाय-फायवर चालणारे तीन स्पीकर हवे होते: पहाटे पाचला आपोआप सुरू होतील, तिन्ही खोल्यांत एकत्र वाजतील आणि गाणी मला नाशिकहून बदलता येतील.

जळगावच्या दुकानात मी नेमकं हेच सांगितलं. शेठने सेट लावून दाखवला. आवाज खरोखर सुरेख होता, आजही आहे. मी विचारलं, “शेठ, हे सगळं ॲपवर चालतं. उद्या कंपनीने ॲप बंद केलं तर?” ते म्हणाले, “भाऊ, बिनधास्त घ्या. लाइफटाइम आहे. मोठी कंपनी आहे, ती कशाला बंद करेल?” घरी येऊन मी व्हॉट्सॲपवर पुन्हा तेच विचारलं. उत्तर आलं, “ॲप सपोर्ट लाइफटाइम, टेन्शन नका घेऊ.” तो संदेश माझ्याकडे आहे. आज सगळ्या प्रकरणाचा आधार तोच आहे.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग एका सकाळी आप्पांचा फोन आला, “काय व्हयनं रे भाऊ, गानं काब बंद पडनं?” मला वाटलं नेट गेलं असेल. फायबरवाला मुलगा येऊन तपासून गेला, नेट व्यवस्थित होतं. ॲप उघडलं तर लॉगिनच होईना. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या: या मालिकेच्या स्पीकरसाठीची ऑनलाइन सेवा संपली आहे, ब्लूटूथ आणि वायरने वापर चालू ठेवता येईल. म्हणजे पहाटेचं आपोआप सुरू होणं गेलं, तीन खोल्यांत एकत्र वाजणं गेलं, नाशिकहून गाणी लावणंही गेलं. हातात राहिले तीन सुटे ब्लूटूथ स्पीकर. तसे चांगले स्पीकर याच्या एक चतुर्थांश पैशांत येतात.

हे का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण दुकानात कुणी समजावून सांगत नाही. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून स्पीकरकडे जातं, मधे तिसरं कुणी नसतं. वाय-फायच्या सेटमध्ये फोन फक्त हुकूम देतो आणि स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं खेचतो. तीन खोल्यांत एकत्र वाजवायचं, तर तिन्ही स्पीकरांची वेळ सेकंदाच्या बारीक भागापर्यंत जुळावी लागते, नाहीतर घरात घुमल्यासारखं ऐकू येतं. वेळ जुळवण्याचं हे काम घरातल्या घरात होऊ शकतं. पण बऱ्याच कंपन्या खातं, परवानगी, गाण्यांच्या सेवांशी जोडणी आणि वेळापत्रक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात. विहीर आपल्या मळ्यात आणि दोर दुसऱ्याच्या हातात, तसा हा प्रकार आहे. सर्व्हर बंद झाला की स्पीकरमध्ये काहीही बिघाड नसताना तो मुका होतो. वॉरंटी यंत्राच्या बिघाडाची असते, त्यामुळे तिचाही उपयोग होत नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन मी घोषणा शोधली. तिच्यावरची तारीख माझ्या बिलाच्या कित्येक महिने आधीची निघाली. मन खरं तिथे पेटलं. तंत्रज्ञान बदलतं, सेवा बंद होतात, हे मी मान्य करतो. पण ज्या दिवशी शेठने ‘लाइफटाइम’ हा शब्द उच्चारला, त्या दिवशी त्या सेवेची अखेरची तारीख जगजाहीर होती. सवलत कशामुळे होती, ते तेव्हा कळलं.

मोठी कंपनी कशाला बंद करेल, या बोलण्यावर तर अजिबात विसंबू नका. सोनॉस हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. त्यांनी जानेवारी 2020 मध्ये जाहीर केलं की त्यांच्या काही जुन्या स्पीकरांना मे 2020 पासून सॉफ्टवेअरची नवी सुधारणा मिळणार नाही. ग्राहक खवळले, आणि अखेर जुन्यांसाठी एक ॲप आणि नव्यांसाठी दुसरं अशी विभागणी झाली. बोसची साउंडटच मालिका 2013 ची. तिची ऑनलाइन सेवा बंद करणार असं कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं. तारीख आधी फेब्रुवारी 2026 ची होती, लोकांच्या नाराजीनंतर ती 6 मे 2026 पर्यंत पुढे नेली. गूगलची गोष्ट वेगळीच. सोनॉसने पेटंटवरून तक्रार केली होती, तिचा निकाल जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगात गूगलविरुद्ध लागला. मग स्पीकरांच्या गटाचा आवाज एकत्र कमी-जास्त करण्याची सोय गूगलने काढून घेतली. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतली सोय, दोन कंपन्यांच्या भांडणात एका अपडेटने गेली. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ, म्हणजे टीव्हीला आणि स्पीकरला जोडायची गूगलची छोटी यंत्रं, जगभर एकाएकी बंद पडली. कारण काय, तर आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. ती चूक गूगलने काही दिवसांत दुरुस्त केली, पण दोर कुणाच्या हातात आहे ते दिसलंच. गाण्यांच्या सेवाही अशाच जातात. गूगल प्ले म्युझिक 2020 च्या अखेरीस गेलं, रेसो भारतात 31 जानेवारी 2024 ला बंद झालं.

या कंपन्यांनी निदान आधी सांगितलं किंवा चूक सुधारली. आमच्या कंपनीनेही आधी सांगितलं होतं. ते ग्राहकापर्यंत पोहोचू न देण्याचं काम दुकानात झालं.

मी आप्पांच्या पुतण्याला घेऊन जळगावला गेलो. घोषणा दाखवली, बिल दाखवलं. शेठ म्हणाले, “आम्हाला काय माहीत भाऊ, कंपनीने बंद केलं. आम्ही फक्त माल विकतो.” व्हॉट्सॲपचा संदेश दाखवल्यावर आवाज खाली आला आणि नवा सौदा पुढे आला: जुना सेट 9,000 ला परत घेतो, वर 38,000 भरा, नवं मॉडेल घेऊन जा. बंद पडलेल्या सेटचे 9,000 तरी कशाला देतात, असा प्रश्न मला पडला. उत्तर मागच्या फळीवरच होतं. आमच्याच मॉडेलचे खोके तिथे रचलेले होते आणि त्यावर सवलतीची पाटी होती. माझा परत दिलेला सेट तिथून पारोळ्याच्या नाहीतर चाळीसगावच्या कुणाच्या तरी घरी जाणार होता. मी तो दिला नाही.

खोक्याबद्दल सगळ्यांनी नीट लक्षात ठेवावं असं एक आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बंद खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना आणि वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणं वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर किमतीचा स्टिकर नेमका महिना-वर्षावर चिकटवलेला होता. घरी येऊन हलक्या हाताने सोलला, तेव्हा माल किती जुना आहे ते कळलं. बिलावर मॉडेल क्रमांकही नव्हता, नुसतं ‘वायरलेस स्पीकर सेट’ लिहिलेलं. बिल मी घेतलं तेव्हा संगणक बंद असल्याचं सांगून हाताने लिहून दिलं होतं. दोन्ही गोष्टी आता तक्रारीत फोटोंसह जोडल्या आहेत.

मधल्या काळात इंटरनेटवर कंपनीचा ग्राहकसेवेचा नंबर शोधला, तर एक भलताच मनुष्य भेटला. 1,499 रुपये भरा, सेवा पुन्हा चालू करून देतो, त्याआधी फोनवर अमुक एक ॲप टाका म्हणाला. ते दुसऱ्याला आपला स्क्रीन दाखवणारं ॲप होतं. मी फोन ठेवला. बंद झालेली सेवा कुणीही पैसे घेऊन चालू करू शकत नाही. अशात कुणाचे पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा. नंबर घ्यायचा तो खोक्यावरचाच.

तक्रारीसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली. तिथून दुकानदाराला विचारणा गेली, त्याने दाद दिली नाही. मग आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा आणि गुणवत्ता यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानला आहे, आणि वस्तूच्या उपयोगाबद्दल खोटं सांगून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगाचं शुल्क नाही. घटना घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. नाशिकला नाहीतर मुंबईला घेतलेली वस्तू असली तरी धुळ्याचा माणूस धुळ्यात दाद मागू शकतो. वकील लागतोच असंही नाही. मी अर्ज स्वतः मराठीत लिहिला.

घ्यायचेच असतील तर दुकानातच एक परीक्षा घ्या. सेट सुरू झाला की राउटरला आलेली इंटरनेटची वायर काढायला सांगा, वाय-फाय तसंच राहू द्या. मग फोनमध्ये साठवलेलं गाणं सगळ्या स्पीकरांवर एकत्र वाजतं का ते पाहा. वाजलं, तर ती सोय घरातल्या घरात चालते आणि कंपनी उद्या निघून गेली तरी टिकण्याची शक्यता बरीच. नाही वाजलं, तर तुम्ही कंपनीच्या मर्जीवर आहात हे धरून किंमत ठरवा. स्पीकरला मागे वायर जोडायचं भोक आहे का तेही पाहा. आज आमचे दोन स्पीकर त्याच भोकावर एका जुन्या मोबाइलला वायरने जोडून चाललेत. लॉजिटेकचे स्क्वीझबॉक्स नावाचे नेटवरून गाणी वाजवणारे संच 2012 मध्ये बनायचे थांबले, त्यांची ऑनलाइन सेवा 2024 मध्ये गेली, तरी ते आजही वाजतात, कारण घरच्या संगणकावर टाकायचं लिरियन नावाचं फुकट सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलंय. ज्या वस्तूचा सर्व्हर आपल्या घरात बसू शकतो, तिच्यावर पैसे खर्च करायला माझी हरकत नाही.

दुकानदार ‘लाइफटाइम’ म्हणाला, तर तोच शब्द मॉडेल क्रमांकासह बिलावर लिहून मागा. मी आता सगळीकडे हेच करतो. त्यानंतर एका दुकानाने लिहून द्यायला साफ नकार दिला आणि वस्तू लगेच काउंटरखाली ठेवली. ज्यांनी असा सेट आधीच घेतलाय, त्यांनी बिल, खोका आणि दुकानदाराशी झालेले संदेश जपून ठेवा, आणि कंपनीच्या घोषणेच्या पानाचा तारखेसकट फोटो आजच काढा. आमच्या सुनावणीत समोरच्या बाजूने पहिला प्रश्न त्या तारखेवरच केला.