पालकांचा खेळगट की शुल्क भरून जायचा प्लेग्रुप?

दीड ते तीन वर्षांच्या मुलासाठी या दोहोंतून निवड करताना खेळणी, जागा आणि शिकवल्या जाणाऱ्या गाण्यांची तुलना करण्यात फार वेळ घालवू नये, असे मला वाटते. या वयाची मुले बहुधा एकमेकांशेजारी बसून आपापलेच खेळतात. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये ज्याला ‘समांतर खेळ’ म्हटले, तो दोन्हीकडे सारखाच रंगतो. खरा फरक पडतो तो पालकाला.

प्लेग्रुपमध्ये मूल दारात सोपवले की दोन-तीन तास मोकळे मिळतात, आणि आई-वडील दोघेही नोकरी करत असतील तर या सोयीला तोड नाही. मला मात्र ते दारच खटकत राहिले. आत काय घडले ते ‘आज छान खेळला’ एवढ्या वाक्यात उरकले जाई आणि बाकीचे पालक मूल कडेवर घेऊन घाईने निघून जात. आमचा मुलगा चावू लागला, तेव्हा ‘घरी समजावून सांगावे’ अशी लेखी सूचना आली. धड दोन शब्द न जोडणाऱ्या मुलाला समजावायचे कसे, हे विचारायला समोर कोणीच नव्हते.

खेळगटात पालक स्वतः थांबतात. तिथे त्याने एका मुलीच्या दंडाचा चावा घेतला, तेव्हा तिच्या आईने तिला जवळ घेतले आणि आपला थोरलाही बोलता येईपर्यंत असाच चावायचा, हे शांतपणे सांगितले. चावण्याआधी मूल कसे ताठ होते, त्या क्षणी हात मध्ये घालून ‘मला दे’ हे शब्द त्याच्या तोंडी कसे द्यायचे, हेही तिनेच करून दाखवले. न्यूझीलंडमधील ‘प्लेसेंटर’ चळवळ १९४१ पासून याच तत्त्वावर उभी आहे: मुलांची सत्रे पालकच चालवतात आणि त्यासाठीचे प्रशिक्षणही तेच घेतात.

खेळगटात कटकटी आहेत, हे नाकारता येणार नाही. खेळणी धुण्याचे काम फिरून त्याच दोघा-तिघांवर येते, जुन्यांचे कोंडाळे जमते आणि आयांच्या घोळक्यात एकटा बाप सुरुवातीला अवघडून उभा राहतो. सर्दी-खोकला दोन्हीकडून घरी येतोच.

तरीही आठवड्यातील एखादी सकाळ काढता येत असेल, तर आधी खेळगटात जाऊन पाहावे, असे मी सुचवेन. नव्या पालकाशी तिथे कोणी आपणहून बोलते का, एवढे पाहावे. तसे होत नसेल, तर दुसरा गट शोधावा.