वाफेच्या लाइनला लूप घ्यायचा की बेलोज?

बॉयलर हाउसपासून प्रोसेस शेडपर्यंत आठ इंची, 100 मीटर सरळ स्टीम लाइन. वाफ 10 बारची, म्हणजे साधारण 184 अंश. लाइन बसवली तेव्हा पाइप 30 अंशांवर असेल, तर वाफ सोडल्यावर कार्बन स्टील जवळपास 185 मिलिमीटर वाढणार. दोन्ही टोकं पक्की बांधून ही वाढ अडवली तर पाइपमध्ये 370 मेगापास्कलच्या घरात ताण येतो, आणि ए-106 ग्रेड बी पाइप 240 लाच कायमचा वाकायला लागतो. वाढीला जागा द्यायलाच हवी: एकतर लूप, म्हणजे लाइनमध्येच घेतलेलं यू आकाराचं वळण, नाहीतर बेलोज, म्हणजे घड्यांच्या पातळ पत्र्याचा दबणारा जोड.

आधी लेआउटमध्येच दोन काटकोनी वळणं मिळतात का बघा. मिळाली तर बरंचसं काम फुकटात होतं.

नाहीच मिळाली, तर लूप. आपल्या उदाहरणात तीन लूप लागतील, प्रत्येक लाइनपासून चारेक मीटर बाहेर. एका लूपला चार एल्बो (काटकोनी वळणाचे तुकडे), आठ वेल्ड, आठेक मीटर जादा पाइप, वर इन्सुलेशन आणि रॅकची, म्हणजे पाइप ठेवायच्या सांगाड्याची रुंदी. लूप शक्यतो आडवाच ठेवा. उभा घेतला तर चढाच्या पायथ्याशी कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) साचतं, तिथे ते बाहेर सोडणारा ट्रॅप नसेल तर वॉटर हॅमर, म्हणजे वाफेने ढकललेल्या पाण्याचा दणका, ठरलेला. पण एकदा वेल्ड तपासून घेतले की पुढे लूपकडे कोणी वेगळं बघावं लागत नाही. तो शेवटी पाइपच आहे.

बेलोजला जागा हातभर लागते, म्हणून कोटेशनमध्ये तो स्वस्त दिसतो. मात्र त्या कोटेशनमध्ये अँकर, म्हणजे पाइप जागेवर पक्का धरणारा आधार, नसतो. साधा अक्षीय बेलोज दाबाखाली उघडायला बघतो. या मापात 10 बारला हा जोर साडेचार टनांच्या आसपास जातो, दीडपट दाबाच्या हायड्रोटेस्टला (पाणी भरून घेतलेल्या दाबचाचणीला) सात टनांच्या जवळ. टोकाच्या आणि वळणावरच्या मुख्य अँकरने तो सगळा पेलायचा. शिवाय बेलोज फक्त सरळ रेषेत दबायला हवा, म्हणून पाइपला फक्त लांबीच्या दिशेने सरकू देणारे गाईड लागतात: पहिला पाइपच्या व्यासाच्या चौपट अंतराच्या आत आणि दुसरा त्यापुढे चौदापट अंतराच्या आत.

हा जोर हिशेबात न धरल्याचं फळ इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्याने भोगलं. एक रिअ‍ॅक्टर काढून तिथे दोन बेलोजच्या मध्ये 20 इंची तात्पुरता, मध्येच पायरीसारखा वळलेला पाइप बसवला होता. आधार मचाणाच्या नळ्यांचा. 1 जून 1974 ला तो फाटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि 28 माणसं गेली.

दुसरी अडचण पत्र्याची. बेलोजची स्टेनलेस भिंत बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असते. कोकणपट्टीतल्या प्लांटमध्ये पावसाळ्यात इन्सुलेशन भिजलं की क्लोराइड (मिठातले क्षार) आत जातात, स्टेनलेसला तडे पाडतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: रॅकवर जागा असेल तर लूपच. बेलोज रस्त्याखालच्या कल्व्हर्टला किंवा दाटीच्या पंप हाउसला, तोही जमेल तिथे हिंज्ड, कारण त्यात दाबाचा जोर बिजागरीच पेलते आणि अँकर हलका राहतो. अक्षीय बेलोजच घ्यावा लागला तर सिव्हिलवाल्यांना अँकरचा भार हायड्रोटेस्टच्या दाबाने लेखी द्या, आणि वाहतुकीसाठी लावलेले रंगवलेले रॉड वाफ सोडण्याआधी काढलेत का, हे स्वतः जाऊन बघा. ते राहिले तर बेलोज असूनही लाइन जखडलेलीच राहते.